हृदयाच्या दिशेने

ताईंचं खरं आडनाव आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे. एरवी ज्या हंगामात जे चालू असेल ते त्यांचं नाव. रोज सकाळी दुधीचा रस चालायचा तेव्हा त्या दुधीताई होत्या. रात्री तांब्याच्या लोट्यात पाणी भरून ठेवायचं आणि पहाटे उकिडवं बसून प्यायचं असं ठरलं, तेव्हा तांब्याताई. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं ऐकून निम्मा महाराष्ट्र दिवसातून दोनदाच आणि तेही 55 मिनिटांच्या आत जेवायला लागला, त्या काळात त्या दीक्षितताई झाल्या. समोरून ऋजुता दिवेकरांचं तूप आलं, वरणभात आला, घराघरांत दोन तट पडले. ताईंनी पक्षांतर केलं नाही, युती केली. जेवण दोनदा, दीक्षितांचं. त्यावर तूप, दिवेकरांचं. वजनकाटा काय म्हणाला ते बाहेर आलं नाही.

सध्या त्या ब्रशताई आहेत.

ज्यांच्या इमारतीत ही साथ अजून पोचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आंघोळीच्या आधी, कोरड्या अंगावर, कोरड्या आणि जरा खरखरीत ब्रशने, तळपायापासून सुरुवात करून वर वर घासत यायचं. हातांना बोटांपासून खांद्याकडे. पोटावर गोल, घड्याळाच्या काट्यांसारखं. चेहरा सोडायचा. बाकी सगळे हात हृदयाच्या दिशेने. पाच मिनिटांचं काम. मग आंघोळ, आणि मग अंगाला तेल नाहीतर क्रीम. ह्याला ड्राय ब्रशिंग म्हणतात. ताई नुसतं 'कोरडं' म्हणतात. पूर्वी त्यांच्याकडे "सोवळ्यातलं व्हायचंय अजून" असं ज्या आवाजात म्हणत, त्याच आवाजात ताई दारात आलेल्या कुरियरवाल्याला "थांब रे, माझं कोरडं व्हायचंय" म्हणतात.

ह्याचे फायदे त्या बोटांवर मोजून दाखवतात. मेलेली कातडी निघते, रक्त खेळतं, लिम्फ वाहतं, विषारी द्रव्यं बाहेर पडतात, मांड्यांवरचे चरबीचे खड्डे बुजतात आणि मन प्रसन्न होतं. ह्यातलं पहिलं खरं आहे. दुसरं अंग लाल दिसतं तेवढ्यापुरतं खरं आहे. शेवटचं, भाऊ, म्हणजे ताईंचे यजमान, बाजारात गेलेले असतील तर खरं आहे. मधल्या तिघांबद्दल त्वचेचे डॉक्टर खांदे उडवतात. विषारी द्रव्यांचं खातं यकृत आणि मूत्रपिंडांकडे आहे आणि चरबीचे खड्डे आजवर कुठल्याही ब्रशने बुजलेले नाहीत. पण डॉक्टरांनी खांदे उडवले की ताईंना त्यात ॲलोपथीचा पोटशूळ दिसतो.

ताई म्हणजे काही एकट्या ताई नव्हेत. ठाण्याच्या पुढे रुळांच्या दोन्ही अंगांना जितक्या इमारती आहेत, तितक्या ताई आहेत. साठीच्या आसपास वय, निवृत्त होऊन दोनतीन वर्षं, मुलगा ठाण्यात घोडबंदर रोडला, मुलगी न्यू जर्सीत एडिसनला, घरात नवरा आणि सासू. नोकरीच्या दिवसांत ह्या बाईने आंघोळ कशी केली ते मला माहीत आहे, कारण मीही तशीच करत असे. गॅसवर पोळीचा तवा, बादलीत नळाची धार, डोळे घड्याळावर. आंघोळ म्हणजे दोन तांबे आणि एक साबणाचा हात. पाठ ओली झाली का नाही हे गाडीत बसल्यावर, ब्लाउज चिकटला तर कळायचं. आपल्याला कोपरं आहेत, पोटऱ्या आहेत, त्यांची काही निगा राखायची असते, हे डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या बाईला साठीनंतर समजतं. म्हणून ताईंच्या ब्रशला हसताना मी जरा बेताने हसते.

अडचण वेगळीच आहे. स्वतःसाठी पाच मिनिटं मिळाली तर त्यांचं काय करायचं, हे ताईंना शिकवलेलं नाही. त्यांना फक्त हजेरी ठाऊक. त्यामुळे ब्रशाबरोबर एक वहीही आली. दोनशे पानी, लांब, आडव्या रेघांची. रकाने आखलेले: तारीख, उजवा पाय, डावा पाय, उजवा हात, डावा हात, पोट, पाठ (भाऊंच्या मदतीने), शेरा. मी ती वही पाहिली आहे. 'उजवा पाय 7 हात, डावा पाय 7 हात, पाठ भाऊ पेपर वाचत असल्याने प्रलंबित, शेरा: त्वचा लालसर, समाधानकारक.' एका पानावर 'किरकोळ रजा, हळदीकुंकू' असंही लिहिलेलं होतं. खाली सही. सही कुणाला दाखवायची असते देव जाणे, पण कागद सहीशिवाय सोडायचा नाही, हे चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीचं वळण.

ब्रश मुलीने एडिसनहून आणला. लांब लाकडी दांडा, मागच्या बाजूला कोरलेलं पान, आणि डब्यावर आणखी एक पान. डब्यावर लिहिलेलं: नॅचरल, शंभर टक्के बोअर ब्रिसल. 'नॅचरल' वाचून ताई खूश झाल्या. 'बोअर'चा अर्थ त्यांनी आपल्या आपण लावला. आमच्या सोसायटीत बोअर एकच, ती मागच्या अंगणातली, टँकर नाही आला की चालू करायची. तेव्हा बोअर म्हणजे भोक, ब्रशाला भोकं पाडून त्यात काड्या बसवल्यात, असं त्यांनी भाऊंनाही समजावून दिलं. भाऊंनी मान डोलावली. ते लग्नापासून डोलावतात.

घरातलं एक मत मात्र विरोधी होतं. आजींचं, म्हणजे ताईंच्या सासूबाईंचं. नव्वदीला टेकलेल्या. त्यांच्या हाताची कातडी अजून मऊसूत आहे आणि त्यांनी जन्मात डाळीचं पीठ, साय आणि दिवाळीचं उटणं ह्यांच्यापलीकडे काही लावलेलं नाही. ब्रश पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, कातडी आहे का कढई?" मग थोड्या वेळाने, "आमच्या वेळी टाचेला वजरी होती. पण टाच सोडून वर कुणी गेलं नाही."

ताईंनी ऐकून घेतलं आणि आजींच्याच वडिलांचा दाखला दिला. ते गांधीवादी होते. गांधीजींनी 'आरोग्याची किल्ली'त कटिस्नान आणि घर्षणस्नान सांगितलंय, ते त्यांनी लुई कूने ह्या जर्मन माणसाकडून घेतलं; आणि गांधीजींचं वाचून आजींचे वडील रोज पहाटे जस्ताच्या टबात बसत. 1946 साली गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला तेव्हा तर ते तिथे राहायलाच निघाले होते. म्हणजे अंग चोळून बरं होण्याची जर्मन हौस आपल्या घरात आधीच येऊन गेलेली आहे, ताईंचा ब्रश ही फक्त दुसरी खेप. आजींनी हे सगळं मान्य केलं. "टबात बसायचे खरे," त्या म्हणाल्या. "पाणी आई भरायची."

कोरड्या ब्रशाची पहिली अट म्हणजे अंग कोरडं हवं. ज्याने कुणी ही अट घातली तो खाडीकाठी राहत नसावा. मे महिन्यात डोंबिवलीत कोरडी असते अशी एकच वस्तू, नळ. बाकी सगळं ओलं. ताई मग पंखा पाचावर लावून, हात पसरून, त्याच्याखाली सुकत उभ्या राहत, आणि तेवढा वेळ भाऊ बाहेर पॅसेजमध्ये टॉवेल घेऊन येरझाऱ्या घालत. सुकून झालं की पहिला पाय कोरडा घासून होईपर्यंत दुसऱ्याला घाम फुटे. एकदा मी म्हटलं, "ताई, थंडीत करा की." त्या म्हणाल्या, "डोंबिवलीत थंडी किती दिवस? वही रिकामी राहील."

काम करणाऱ्या मावशींना पहिल्या आठवड्यातच संशय आला. बेडरूमच्या फरशीवर रोज पांढरी बारीक भुकटी. "ताई, पीठ सांडता का इथं?" ताईंनी त्यांना बसवून समजावलं. वरचा थर मेलेल्याच पेशींचा असतो, साधारण चार आठवड्यांत कातडी नवी होते, ती जुनी गळते, आपण फक्त मदत करायची. मावशींनी केरसुणी टेकवली आणि आपले हात पुढे केले. चार घरची भांडी घासून पंजांवरची साल निघालेली, बोटांच्या पेरांना चिरा. "मग मी रोजच करते की हे," त्या म्हणाल्या. ताईंनी त्यांना क्रीमची ट्यूब दिली. त्या दिवशीच्या शेऱ्यात काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही.

पावसाळा लागला तसा ब्रशाला वास यायला लागला. केसांच्या मुळाशी बुरशीचा हिरवट ठिपका दिसला. कपड्यांच्या दांडीवर टांगून झाला, टेबलफॅनपुढे ठेवून झाला, पापडाच्या डब्यात ठेवून झाला. शेवटी कुणीतरी सांगितलं की मोबाइल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात. झालं. आषाढी एकादशीपासून ब्रश तांदळाच्या डब्यात राहायला गेला. सकाळी बाहेर, कोरडं, परत आत. डबा वाडा कोलमचा, दहा किलोचा.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ठाणेकराला एखादी गोष्ट आवडली तर तो ती विकत घेतो. कल्याणकर ती घाऊक भावात आणून ठेवतो. विठ्ठलवाडी ओलांडून उल्हासनगरला गेलात तर तीच आठवड्याभरात तयार होऊन मिळते. डोंबिवलीकर तिच्यावर व्याख्यान ठेवतो. ताईंचं व्याख्यान ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर झालं. फळ्यावर विषय लिहिला होता, 'त्वचाघर्षण: पूर्व आणि पश्चिम.' ताईंच्या मनात भारत आणि जर्मनी होते. रुळांपलीकडचे दहाबारा जण मात्र, आपल्या पश्चिमेला काय निराळं घासतात ते ऐकायला म्हणून पूल चढून आले.

व्याख्यान उत्तम झालं. मी प्रामाणिकपणे सांगते, शरीरशास्त्राचा इतका सोपा धडा मी शाळेत ऐकला नव्हता. रक्ताला हृदयाचा पंप आहे, लिम्फला पंप नाही. ते अंगातल्या बारीक वाहिन्यांतून, झडपा ओलांडत, स्नायू हलतील तसं वर सरकतं आणि गळ्याखालच्या हाडामागे मोठ्या शिरेला मिळतं. हे सांगून ताईंनी फळ्यावर एक माणूस काढला. "दोन पाय म्हणजे कसारा आणि कर्जत. दोन्ही लाईनी कमरेत, म्हणजे कल्याणला, एकत्र येतात. तिथून वर ठाणं. ठाण्याला डावा हात येऊन मिळतो, तो ट्रान्सहार्बर. उजवा हात वेस्टर्न, तो दादरला. आणि हृदय म्हणजे सीएसएमटी. आता सकाळची वेळ आहे, सगळा लोंढा एकाच दिशेला निघालाय. अशा वेळी तुम्ही कसाऱ्याकडे तोंड करून मध्ये उभे राहाल का? मग ब्रश उलटा कशाला फिरवायचा?"

सभेला एका क्षणात कळलं. प्रश्न आले.

"आणि दिवा?"

"दिवा म्हणजे पोट. पनवेलची येते, वसईची येते, रोह्याची येते, कुठली कुठे जाते कुणाला पत्ता नाही. म्हणून तिथे गोल गोल."

"रविवारी?"

"रविवारी मेगाब्लॉक. त्वचेलाही दुरुस्तीला वेळ लागतो."

मागच्या बाकावरून रेल्वेतले एक निवृत्त गार्ड उठले. "ताई, पारसिकचा बोगदा कुठे धरायचा?"

"तो विषय मी फक्त महिलांच्या बॅचला घेते," ताई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

मग त्या मुख्य मुद्द्यावर आल्या. डोंबिवलीत कुठल्याही व्याख्यानाचा मुख्य मुद्दा एकच असतो, हे आपल्याकडे आधीपासून होतं. ह्या वेळी तो खोटाही नव्हता. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, दिनचर्येत उद्वर्तन सांगितलंय. अंगाला कोरडी चूर्णं चोळायची. कफ कमी होतो, मेद वितळतो, अंग घट्ट होतं, कातडी उजळते. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर श्रोत्यांतले एक वैद्य उठले. वैद्य सौम्य होते, पण त्यांनी अध्याय वाचलेला होता. त्यांनी क्रम सांगितला. आधी अभ्यंग, म्हणजे तेल. मग व्यायाम, आपल्या अर्ध्या शक्तीइतका. मग उद्वर्तन. मग स्नान. "तुम्ही तिसऱ्यापासून सुरुवात करता. व्यायामाचं काय?"

ताईंनी चष्मा पुसला. व्यायामाचा श्लोक त्यांच्या प्रतीत नसावा. वैद्य पुढे म्हणाले, लिम्फ स्नायूंच्या हालचालीने सरकतं हे तुम्हीच सांगितलंत. तर तळपायाला ब्रश लावण्यापेक्षा त्याच तळपायांनी स्टेशनापर्यंत चालत गेलात तर लिम्फ जास्त खूश होईल. ताई स्टेशनला शेअर रिक्षाने जातात, हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. वातावरण तंग झालं असतं, पण वैद्यांनी बोलता बोलता चूर्णांची नावं घेतली आणि त्यात कुळीथ आला. "कुळथाचं पीठ अंगाला?" मालवणकडच्या एक काकू ताडकन उठल्या. "आणि पिठी कशाची करायची?" पुढची वीस मिनिटं पिठीत लसूण घालायचा की नाही, आमसूल किती, ह्यावर गेली. आभार मानायचे राहिले.

ताईंच्या सुनेला हे सगळं कळलं तेव्हा तिने सासूबाईंना ठाण्याला बोलावून घेतलं. तिच्या संकुलाजवळच एक वेलनेस का काय ते आहे, तिथे ड्राय ब्रशिंग करून देतात. सासूने एकदा नीट, शास्त्रशुद्ध अनुभव घ्यावा, असा तिचा चांगला हेतू. ताई गेल्या. मंद दिवे, गवती चहाचा वास, बासरी, आणि बासरीमागे थेंब थेंब पाण्याचा आवाज. थेरपिस्ट मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मॅम, डोळे मिटा, पाण्याच्या आवाजावर लक्ष द्या." ताईंनी लक्ष दिलं. मिनिटभराने त्या उठून बसल्या. "अगं, नळ गळतोय तुमचा. वॉशर बदलून घ्या." रेकॉर्डिंग आहे म्हणून सांगितलं तरी त्यांचं समाधान झालं नाही, डोंबिवलीच्या माणसाला पाणी टपकत असताना डोळे मिटता येत नाहीत. पुढचा अर्धा तास त्यांनी त्या मुलीला कसारा आणि कर्जत समजावून सांगितलं. बिल सुनेने भरलं. आकडा कळल्यावर ताई गाडी कोपरला येईपर्यंत बोलल्या नाहीत, आणि कोपर आलं तशी म्हणाल्या, "त्वचेचं आम्हाला ठाण्याने शिकवावं?"

ह्या वाक्यामागे इतिहास आहे. ताई पेंढरकर कॉलेजच्या. केशव विष्णू पेंढरकर म्हणजे विकोचे संस्थापक. 1952 साली परळला सुरू झालेल्या त्या उद्योगाचा कारखाना आमच्या एमआयडीसीत, आणि त्याच्या नावाचा नाकाच आहे. हळदीचं क्रीम हे आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, ह्यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून विको जिंकली. ताईंच्या मते ह्या निकालाने त्वचा हा विषय कायमचा डोंबिवलीच्या नावावर झाला आहे.

गणपतीत ठाण्याहून नातू आला. चौथीत आहे, प्राणिमात्रांवर प्रेम आणि इंग्रजी माध्यम. मोदकांच्या उकडीसाठी पिठी कमी पडली, मिक्सरवर थोडे तांदूळ फिरवून घ्यावेत म्हणून आजींनी डबा उघडायला सांगितला. नातवाने डबा उघडला, ब्रश काढला, दांड्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं मोठ्याने वाचलं आणि पणजीला भाषांतर करून सांगितलं.

"पणजीआजी, बोअर म्हणजे पिग. जंगली पिग. हे पिगचे केस आहेत."

घरात गणपती. चातुर्मास चालू. ताई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, वांगं खात नाहीत. आणि आषाढीपासून डुकराचे केस वाडा कोलममध्ये. मी तेव्हा तिथेच, आरतीला आले होते. ताईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्या आधी डब्याकडे बघत होत्या, मग स्वतःच्या हातांकडे, मग पायांकडे, खालून वर, हृदयाच्या दिशेने.

खरं तर ह्यात नवीन काही नव्हतं. 1938 साली अमेरिकेत नायलॉनचे दात घासायचे ब्रश निघाले, त्याच्या आधी जगभर ब्रश म्हणजे बहुतेक डुकराचेच केस. आपल्याकडे जुन्या घरांत ब्रश तोंडात घालायला लोक नाखूश असत ते उगीच नव्हे. त्यांची आपली राखुंडी बरी होती. भाऊंनी धीर द्यायला म्हणून सांगितलं, "माझा दाढीचा ब्रश गेली चाळीस वर्षं कशाचा आहे असं वाटतं तुला?" लग्नानंतर भाऊंनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं आणि ते बोलायला नको होतं. दाढीचा ब्रश त्याच मिनिटाला गॅलरीत गेला.

सोडवणूक आजींनी केली. त्या हसून हसून पाटावर रेलल्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, वराह तिसरा अवतार. विष्णूचाच. आणि चातुर्मासात तो झोपलेला असतो, त्याला कळलंही नसेल." दहा किलो तांदूळ मावशी घरी घेऊन गेल्या. त्यांना कशाचेही केस चालत होते.

ब्रश सुटला, वही सुटली नाही. रकाने रिकामे पडायला लागले तशी ताईंची बेचैनी वाढली. मग त्यांच्या वाचनात आलं की शाकाहारी ब्रश घायपाताच्या तंतूंचा असतो. घायपात म्हणजे बांधावरचं काटेरी, दोर वळायचं झुडूप; त्यासाठी एडिसनला कशाला जायचं? त्या कल्याणला गेल्या, बाजारपेठेत, रंगाच्या दुकानात. मी सोबत होते. दुकानदाराने चुन्याचे कुंचे पुढे टाकले, घायपाताचे, सुतळीने घट्ट बांधलेले.

"भिंत बाहेरची की आतली?"

"भिंत नाही," ताई म्हणाल्या.

"मग छत? किती हात मारायचे?"

"रोज सात."

दुकानदाराने कुंचा परत हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "रोज सात हात मारलेत तर भिंत राहणार नाही, ताई." पण कल्याणचा माणूस गिऱ्हाईक सोडत नाही. त्याने डझनाचा भाव सांगितला.

ऑक्टोबरची उन्हं आणि चुन्याचा कुंचा. आठवड्याभरात ताईंच्या दोन्ही दंडांवर, पोटऱ्यांवर, पाठीवर पुरळ उठलं, मधूनमधून घामोळं. वहीत शेरा पडला, 'विषारी द्रव्यं बाहेर पडू लागली.' मी डॉक्टरांकडे चला म्हटलं तर मलाच विचारलं, "2014 साली इथे हिरवा पाऊस पडला. 2020 साली रस्ता गुलाबी झाला. ह्या गावात अंगातून विषारी द्रव्यं निघणार नाहीत तर काय बासुंदी निघणार आहे?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

शेवटी भाऊंनी रिक्षा आणली. डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि विचारलं, "पडलात का कुठे?" मग म्हणाले, कातडीचा वरचा थर हाच बाहेरच्या विषारी गोष्टी आत येऊ देत नाही, तुम्ही पहारेकऱ्यालाच रोज झोडपताय. महिनाभर सगळं बंद. नंतर हौस असेल तर मऊ ब्रश, आठवड्यातून एकदोनदा, हात अगदी हलका, आणि वर लगेच तेल. इसब, सोरायसिस, जखम, पुरळ असेल तर अजिबात नाही. लिम्फची गोष्टही त्यांनी ऐकून घेतली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर कधीकधी हात सुजतो, तेव्हा ती सूज उतरवायला शिकलेले फिजिओथेरपिस्ट असतात आणि त्यांचा हात पिसासारखा हलका असतो, चुन्याचा कुंचा वापरत नाहीत, असं ते म्हणाले. ताईंनी विचारलं, आणि दिवाळीचं उटणं? डॉक्टर म्हणाले, ह्या वर्षी तेही नको. नागरमोथा, गव्हला कचोरा, काही चोळू नका. साधं खोबरेल लावा.

आजी तेव्हापासून त्या डॉक्टरांचं नाव काढू देत नाहीत.

आता सगळं ठीक आहे. कुंच्याने भाऊंनी गॅलरीच्या भिंतीला दोन हात मारले, छान पांढरी झाली. एडिसनच्या ब्रशाने ते बूट पॉलिश करतात. डुकराचा केस चामड्याला नंबर एक, अशी चकाकी नोकरीतही नव्हती. ताईंनी मऊ ब्रश घेतला आहे, घायपाताचाच पण बारीक धाग्याचा, बुधवार आणि शनिवार. बाकीच्या दिवशी वहीत मेगाब्लॉक लिहितात. स्टेशनला मात्र अजून रिक्षानेच जातात.

तेव्हा वाचकहो, डोंबिवली पूर्वेला एखाद्या लिफ्टमध्ये साठीच्या एक ताई भेटल्या आणि ओळख ना पाळख, हात पुढे करून "लावून बघा हो" म्हणाल्या, तर लाजू नका, हात लावून बघा. कातडी खरोखर मऊ आहे. "मऊ आहे" एवढंच म्हणा आणि उतरा. "कशाने?" असं मात्र विचारू नका. सात मजल्यांत ते सांगून होत नाही, आणि खाली आल्यावर त्या तुम्हाला स्टेशनापर्यंत त्यांच्याच रिक्षात घेतात.